कराडला धावपट्टी आहे, मग प्रवासी विमान का येत नाही?

मसूरकर (कराड तालुका)

नमस्कार मंडळी. गेल्या श्रावणात आम्ही उभयता कोल्हापूरहून हैदराबादला मुलीकडे विमानाने गेलो आणि पंधरा दिवसांनी हैदराबादहून पुण्याला विमानाने येऊन पुढे एसटीने कराड गाठले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी घडलेला हा पहिलाच विमानप्रवास असल्यामुळे दोन्ही वेळा खिडकीची जागा मागून घेतली आणि बाहेर जे जे दिसले ते लक्ष देऊन पाहिले. त्यातून काही शंका मनात राहिल्या आहेत. मी शेतकरी माणूस आहे, पण यंत्राची आवड आहे आणि घरचा ट्रॅक्टर स्वतः उघडून दुरुस्त करतो; त्यामुळे उत्तर थोडे तांत्रिक असले तरी चालेल.

कोल्हापूरला आमचे पंख्याचे विमान धावपट्टीच्या पार पूर्वेकडच्या टोकापर्यंत गेले, तिथे जागेवरच वळले आणि पश्चिमेकडे तोंड करून धावत सुटले. हैदराबाद पूर्वेला असताना ही उलटी वाट कशासाठी? वर गेल्यावर ते गोल वळून पूर्वेला लागलेच. दुसरी गोष्ट पुण्याची. भर पावसात उतरताना आमचे जेट विमान इतक्या जोरात टेकले की डोक्यावरच्या कप्प्यांची झाकणे खडखडली, आणि मागच्या रांगेतले एक गृहस्थ ‘चालक नवशिका दिसतोय’ असे म्हणाले. त्याच क्षणी पंखाच्या पाठीवरच्या काही फळ्या ताडकन उभ्या राहिल्या आणि इंजिनांचा आवाज कमी होण्याऐवजी वाढला. थांबायचे असताना इंजिन का वाढवतात, हे मला उमगले नाही.

खरा प्रश्न मात्र आमच्या गावाकडचा आहे. कराडजवळ पाटण रस्त्याच्या बाजूला असलेली आपली धावपट्टी सुमारे १२८० मीटरची आहे. कोल्हापूरची पूर्वी १३७० मीटर होती, ती वाढवून १९३० मीटर केली. आता गंमत अशी की आमच्या विमानाच्या चाकांची घरघर थांबून ते वर उचलले गेले, त्यानंतरही खाली बराच वेळ धावपट्टीच दिसत होती. म्हणजे निम्मी पट्टीसुद्धा त्याने वापरली नसावी. असे असेल तर तेच विमान कराडच्या पट्टीवरून सहज उडायला हवे. पारावर हा विषय निघाला की ‘राजकारण आहे’ एवढ्यावर चर्चा संपते. राजकारण सोडून उत्तर हवे आहे.

निवृत्त वायुसैनिक (सातारा)

मसूरकर दादा, वायुदलात मी एअरफ्रेम फिटर होतो. विमान उडवले कधीच नाही, पण त्याची चाके, ब्रेक आणि फ्लॅप यांच्याशी रोजचा संबंध होता, म्हणून माझ्या बाजूचे तेवढे सांगतो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा हमखास होणारा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. विमानाच्या चाकांना इंजिनाची जोडणी नसते. ट्रॅक्टरचे इंजिन चाक फिरवते, चाक जमिनीला मागे रेटते आणि ट्रॅक्टर पुढे जातो. विमानाचे इंजिन किंवा पंखा हवेला मागे फेकतो आणि त्या जोरावर संपूर्ण विमान पुढे ओढले जाते, चाके नुसती हातगाडीच्या चाकांसारखी फिरत राहतात. त्यांना ब्रेक मात्र असतात, आणि उतरताना त्यांचे महत्त्व काय असते ते पुढे कोणीतरी सांगेलच. नाही सांगितले तर मी सांगेन.

आता पश्चिमेकडे तोंड करण्याविषयी. पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, अंगावरून वाहणारी हवा तेवढी कळते. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल, तर विमान जागेवर उभे असतानाच पंखाला ताशी २० चा वेग आयता मिळालेला असतो आणि तेवढे कमी धावावे लागते. पतंग उडवणारी पोरे वाऱ्याच्या तोंडावर पळतात ती याचसाठी. श्रावणात आपल्याकडे वारा पश्चिमेचा असतो, म्हणून तुमचे विमान पश्चिमेकडे धावले. हिवाळ्यात वारा पूर्वेचा असला की तेच विमान उलट दिशेने उडेल. धावपट्टीच्या टोकांवर पांढऱ्या रंगात मोठाले आकडे असतात, तेही दिशेचेच असतात. कोल्हापूरच्या एका टोकावर ०७ आणि दुसऱ्यावर २५ आहे. होकायंत्राने मोजलेल्या अंशांतला शेवटचा आकडा गाळून ते लिहितात, म्हणजे २५ चा अर्थ सुमारे २५० अंश, पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला. तुम्ही २५ वरून उडालात.

हा हवेतला वेग मोजण्यासाठी विमानाच्या नाकाशी एक बारीक नळी पुढे तोंड करून बसवलेली असते, तिला पिटो नळी म्हणतात. जमिनीवर असताना तिच्यात माती किंवा किडे जाऊ नयेत म्हणून टोपण घालतात आणि त्याला हातभर लांब लाल फीत बांधतात, जेणेकरून ते काढायचे राहून जाऊ नये. रोज पहाटे त्या फिती काढून, मोजून हातात धरणे हे माझे काम होते. गंभीर काम आहे ते, कारण टोपण राहिले तर वैमानिकाला वेगच कळणार नाही.

वाऱ्याच्या नियमाला अपवादही आहेत. लेहच्या विमानतळाला चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे तिथे एका बाजूने उतरायचे आणि त्याच बाजूकडे परत उडायचे, अशी रीत आहे. शिवाय तो सुमारे ३२५० मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा पाव हिश्शाहून अधिक विरळ असते. विमाने शक्यतो सकाळी नेतात, कारण दुपारी ऊन आणि वारा दोन्ही वाढतात.

विमान वर का जाते याचे उत्तर आम्हाला प्रशिक्षणात असे शिकवले होते की पंखाची वरची बाजू फुगीर असल्याने वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, ती खालच्या हवेला पलीकडच्या कडेला गाठण्यासाठी वेगाने पळते आणि त्यामुळे वरचा दाब कमी होतो.

भौतिकशास्त्र शिक्षक (सांगली)

काकांचे बाकी सर्व म्हणणे मान्य आहे. शेवटच्या परिच्छेदात मात्र दुरुस्ती करायला हवी, आणि दोष त्यांचा नाही, अनेक पाठ्यपुस्तकांनीही तेच छापले आहे. वरच्या हवेने खालच्या हवेला पलीकडे गाठलेच पाहिजे असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. प्रत्यक्षात वरची हवा खालच्या हवेच्या आधीच पलीकडे पोहोचते. पंख हवेत किंचित तिरका धरलेला असतो, तो हवेचा मोठा प्रवाह खाली वळवतो, आणि हवेला खाली ढकलल्याची प्रतिक्रिया म्हणून पंख वर उचलला जातो. पंखावरचा दाब कमी आणि खालचा जास्त असतो हेही खरे, परंतु ती एकाच घटनेची दुसरी बाजू आहे. एसटीच्या खिडकीतून तळहात बाहेर काढून किंचित तिरका केला तर हात वर झटका खातो, हे प्रत्येकाने लहानपणी वाहकाच्या शिव्या खात अनुभवलेले असते.

या उचलीचे दोन गुणधर्म लक्षात ठेवायला हवेत. ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर उचल चौपट होते. आणि ती हवेच्या घनतेवरही अवलंबून असते. उड्डाणाच्या वेळी पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप थोडे खाली सोडलेले असतात, त्यामुळे कमी वेगात पुरेशी उचल मिळते. तरीही विमान आपोआप वर जात नाही. ठरलेला वेग आला की सहवैमानिक ‘रोटेट’ असे म्हणतो, वैमानिक नियंत्रक मागे ओढतो, नाक वर होते, पंख हवेला अधिक तिरका होतो आणि मगच चाके जमीन सोडतात.

आता मसूरकरांच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. धावपट्टी निम्मीसुद्धा वापरली नाही हे त्यांचे निरीक्षण बहुधा अचूक आहे, आणि त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कोल्हापूरला येणारे ते पंख्याचे विमान एटीआर-७२ असावे. पूर्ण भरल्यावर त्याचे वजन सुमारे २३ टन होते आणि जमीन सोडताना त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असतो. सोपे जावे म्हणून सेकंदाला ५५ मीटर धरू. त्याचा वेग दर सेकंदाला २.३ मीटरने वाढतो असे मानले, तर वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट या सूत्राने ३०२५ भागिले ४.६, म्हणजे सुमारे ६६० मीटर अंतर येते. १९३० मीटरच्या पट्टीचा हा जेमतेम तिसरा हिस्सा झाला.

परंतु धावपट्टीची लांबी ठरवणारा माणूस हा प्रश्न विचारतच नाही. त्याचा प्रश्न असा असतो, की विमान जवळजवळ उडण्याच्या वेगाला पोहोचले असताना एक इंजिन बंद पडले तर पुढे काय? प्रत्येक उड्डाणापूर्वी वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची स्थिती पाहून एक निर्णयवेग ठरवतात, त्याला व्ही-वन म्हणतात. त्या वेगाच्या आत बिघाड कळला तर उड्डाण सोडून द्यायचे आणि थांबायचे. त्यानंतर कळला तर एका इंजिनावर का होईना, उडायचेच, कारण आता पुढे उरलेल्या पट्टीत थांबता येणार नाही. धावताना कॅप्टनचा हात थ्रॉटलवर असतो, तो गरज पडल्यास शक्ती तोडता यावी म्हणून; ‘व्ही-वन’ असा पुकारा झाला की तो हात तिथून काढून घेतो. थांबण्याचा मोह हाताला होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

आता याच विमानाचा थांबण्याचा हिशेब पाहा. व्ही-वन सेकंदाला ५२ मीटर धरला तर तो गाठेपर्यंत सुमारे ५८८ मीटर संपतात. बिघाड ओळखून कृती करेपर्यंतचे दोन सेकंद धरले तर त्यात १०४ मीटर जातात. नंतर ब्रेक लावून वेग दर सेकंदाला २.५ मीटरने कमी झाला तर आणखी ५४१ मीटर लागतात. बेरीज १२३३ मीटर. उडण्यासाठी ६६० मीटर आणि न उडण्याचा निर्णय घेतल्यास जवळपास दुप्पट, असे हे गणित आहे. आकडे मी सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत, त्यामुळे यावरून कोणी विमान उडवू नये. दुसरी बाजूही आहेच: व्ही-वननंतर एका इंजिनावर धावणाऱ्या विमानाचा वेग फार हळू वाढतो, आणि धावपट्टीच्या शेवटापर्यंत त्याने किमान ३५ फूट उंची गाठलेली असावी लागते. तुमच्या खाली जी रिकामी पट्टी सरकताना दिसली ती या दोन प्रसंगांसाठी राखलेली होती.

कोयनाकाठ (पाटण)

विषयाला धरून एवढेच सांगतो की कराडची ही पट्टी गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी बांधलेली आहे. त्या काळातली विमाने आणि त्यांचे माप ध्यानात घेतले तर लांबी तेवढीच का ठेवली, हे कळते.

शिकाऊ वैमानिक (मूळची मिरजेची)

मी सध्या परराज्यातल्या एका संस्थेत सेसना-१७२ या चार आसनी विमानावर शिकते आहे. मोठ्या विमानांचा अनुभव मला नाही, पण उतरण्याचे शास्त्र दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे त्याविषयी लिहिते.

उडणे पहिल्या आठवड्यात जमते. उतरणे जमायला मला दीड महिना लागला. विमान धावपट्टीकडे सुमारे तीन अंशांच्या उतारावरून येते, म्हणजे एक किलोमीटर पुढे जाताना साधारण ५२ मीटर खाली. खंबाटकीच्या घाटात एसटीचा चालक जसा आधीच खालचा गिअर टाकून ठेवतो, तसे फ्लॅप पूर्ण खाली सोडून विमानाचा वेग आधीच बांधून ठेवावा लागतो. उतारावर वेग वाढला तर पुढे तो जिरवायला जागा नसते. उतार बरोबर आहे की नाही हे कळावे म्हणून धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे आणि दोन तांबडे दिसले तर आपण बरोबर उतारावर आहोत, चारही पांढरे दिसले तर फार वर आणि चारही तांबडे दिसले तर फार खाली. इंग्रजी आद्याक्षरांवरून या दिव्यांना ‘पापी’ म्हणतात, आणि शिकण्याच्या पहिल्या महिन्यात हे नाव अगदी सार्थ वाटते. ढग किंवा धुके असेल तर हाच तीन अंशांचा उतार आणि पट्टीची मध्यरेषा रेडिओ लहरींनी दाखवणारी यंत्रणा मोठ्या विमानतळांवर असते.

सर्वांत अवघड भाग शेवटच्या काही सेकंदांचा. त्याच उतारावरून सरळ जमिनीला भिडले तर पुढची दांडी मोडेल, म्हणून जमिनीपासून थोड्या उंचीवर नाक हळूहळू वर घ्यायचे, शक्ती कमी करायची आणि मागची दोन मुख्य चाके आधी टेकवायची. माझे विमान सुरुवातीला दरवेळी उसळी मारत असे. प्रशिक्षकांनी तीन दिवस पाहिले आणि मग एकच विचारले, ‘तू कुठे बघतेस?’ मी नाकासमोरच्या डांबराकडे बघत होते. ते म्हणाले की पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाकडे बघ. दूर बघितले की जमीन दोन्ही बाजूंनी वर येत असल्याचे डोळ्याच्या कडेला कळते आणि हात आपोआप बेताने ओढतो. त्या दिवशी सहापैकी चार वेळा नीट टेकले.

जमिनीलगत आणखी एक खोड अनुभवाला येते. उंची पंखाच्या लांबीपेक्षा कमी झाली की हवेचा अडथळा घटतो आणि विमान टेकायचे सोडून तरंगत पुढे जाते. वेग थोडा जरी जास्त असला तरी या तरंगण्यात शेकडो मीटर पट्टी संपते. अशा वेळी हट्टाने टेकवायचे नसते. पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जायचे आणि फेरी मारून नव्याने यायचे. प्रवाशांना ते भीतिदायक वाटते, वैमानिकाच्या दृष्टीने तो नेहमीचाच भाग आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला पावसात, पाठीवर वारा घेऊन उतरणारे बोइंग-७३७ विमान सुमारे २७०० मीटरच्या पट्टीवर निम्मे अंतर ओलांडल्यावर टेकले आणि पलीकडच्या उतारावरून खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. आम्हाला तो प्रसंग वर्गात आकड्यांसकट शिकवला गेला.

कराडच्या संदर्भात उतरण्याचा नियमही पाहावा लागेल. प्रवासी विमानाला थांबायला लागणारे अंतर उपलब्ध पट्टीच्या ठरावीक हिश्शात बसले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय व्यवहारात रूढ असलेला नियम आहे. जेटसाठी हा हिस्सा ६० टक्के आणि पंख्याच्या विमानासाठी ७० टक्के. एटीआर-७२ ला पूर्ण वजनावर उतरायला समुद्रसपाटीला सुमारे ९१५ मीटर लागतात, म्हणजे ७० टक्क्यांच्या हिशेबाने पट्टी १३०० मीटरहून थोडी अधिकच हवी. ओल्या पट्टीसाठी त्यावर आणखी १५ टक्के. माझी सेसना मात्र तिथे मजेत उतरेल आणि निम्मी पट्टी शिल्लकही राहील.

निवृत्त वायुसैनिक (सातारा)

सरांची दुरुस्ती मान्य आहे. तीस वर्षे चुकीचे सांगत आलो असे दिसते. मिरजेच्या ताईंनी छान लिहिले आहे. आता पुण्याच्या धडाक्याचे राहिले आहे, तेवढे सांगतो.

मसूरकर दादा, मागच्या रांगेतल्या गृहस्थांना सांगा की भर पावसात विमान अलगद टेकवणे ही चूक ठरते. पट्टीवर पाण्याचा थर असला तर वेगात फिरणारे टायर त्या थरावर चढून तरंगते, डांबराला लागतच नाही, आणि मग ब्रेक दाबला काय नि न दाबला काय, सारखेच. टायरमधल्या हवेच्या दाबाचे वर्गमूळ काढून त्याला ९ ने गुणले की हे तरंगणे किती वेगाला सुरू होईल ते नॉटमध्ये मिळते. अशा जेट विमानाच्या टायरमध्ये सुमारे २०० पीएसआय दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, म्हणजे हा वेग १२७ नॉट किंवा ताशी सुमारे २३५ किलोमीटर येतो. उतरतानाचा वेग याच्या आसपासच असतो. म्हणून पावसात चाके जरा ठणकावून टेकवायची, पाणी फोडायचे आणि टायर लगेच डांबराला भिडवायचे, असे वैमानिकांना शिकवलेले असते. पाणी निघून जावे म्हणून अनेक धावपट्ट्यांवर आडव्या बारीक खाचा मारलेल्या असतात, आणि टेकण्याच्या जागी साचलेला टायरच्या रबराचा काळा थर अधूनमधून खरवडून काढावा लागतो, नाहीतर पाऊस पडला की तिथे साबण लावल्यासारखे होते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या पावसाळ्यापूर्वी एक दिवस काही तास बंद ठेवतात, ते अशाच कामांसाठी.

पंखावरच्या फळ्यांना स्पॉयलर म्हणतात. त्या का उभ्या राहतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरचे मागचे चाक जागेवर फिरू लागले तर आपण त्यात पाणी भरतो किंवा लोखंडी वजने लावतो, कारण चाकावर भार असल्याशिवाय ते जमीन धरत नाही. विमान टेकले त्या क्षणी त्याचा बराचसा भार अजून पंखांनीच पेललेला असतो. स्पॉयलर उभे राहिले की पंखाची उचल मोडते, संपूर्ण वजन चाकांवर येते आणि ब्रेक धरतात. तुमच्या कोल्हापूरच्या पंख्याच्या विमानात अशा फळ्या उभ्या राहत नाहीत. तिथे पंख्याची पातीच वळवून हवेला अडथळा करतात आणि गरजेप्रमाणे पुढे ढकलतात.

इंजिनाचा आवाज वाढतो तोही थांबण्यासाठीच. इंजिनाच्या बाहेरच्या आवरणाचा एक भाग मागे सरकतो, मागे जाणारी बरीचशी हवा अडवून पुढच्या दिशेने फेकली जाते आणि विमानाला मागे रेटा बसतो. मात्र आवाज मोठा म्हणून काम मोठे असे समजू नये. कोरड्या पट्टीवर थांबण्याचे अंतर ठरवताना या रेट्याचा लाभ सहसा धरतच नाहीत. खरी भिस्त ब्रेकवरच असते. ते ब्रेक अशा वेळी कित्येक शे अंश तापतात. चाकात एक लहानशी बुचासारखी वस्तू असते, ती ठरावीक तापमानाला वितळते आणि टायर फुटण्याऐवजी हळूहळू मोकळे होते. एकदा पूर्ण वेगात उड्डाण सोडून थांबलेल्या विमानापाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा सर्वांना बाजूला उभे राहायला सांगून वरिष्ठांनी बराच वेळ कोणालाही चाकाजवळ जाऊ दिले नव्हते, आणि आमच्या डोळ्यांदेखत दोन टायर सावकाश बसले.

मसूरकर (कराड तालुका)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ट्रॅक्टरच्या चाकातल्या पाण्याचे उदाहरण घरी चिरंजीवांना वाचून दाखवले, त्यांनाही पटले. परंतु शिक्षक महोदयांना एक नम्र हरकत घ्यायची आहे. आपल्याच हिशेबाने थांबण्यासाठी १२३३ मीटर लागतात आणि कराडची पट्टी १२८० मीटर आहे. मग उड्डाणापुरती तरी ती पुरली की! ४७ मीटर उरतातही.

भौतिकशास्त्र शिक्षक (सांगली)

हरकत रास्त आहे. आकडे मीच तसे निवडले होते. ते आकडे समुद्रसपाटीच्या, साधारण १५ अंश तापमानाच्या आणि कोरड्या पट्टीच्या जवळपासचे आहेत. कराड साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आहे, तेवढ्याने हवा पाच-साडेपाच टक्के विरळ होते. एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की आणखी आठ टक्के. विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला जमिनीवरचा वेग जास्त लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन व पंखाही कमी रेटा देतात. दोन्ही बाजूंनी मार बसतो. लहान विमानांसाठी वापरला जाणारा ठोकताळा असा आहे, की उंची दर हजार फुटांनी वाढली तर धावण्याचे अंतर सुमारे दहा टक्के वाढते आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले तर पुन्हा दहा टक्के. कराडचे सुमारे १९०० फूट आणि एप्रिलचे ऊन या हिशेबात घातले तर ४७ मीटर कुठच्या कुठे जातात. वजन कमी करून, म्हणजे काही आसने रिकामी ठेवून किंवा इंधन कमी घेऊन मार्ग काढता येतो, पण मग तिकिटाचे गणित बिघडते. शिवाय पट्टीची रुंदी, दोन्ही टोकांपलीकडची मोकळी जागा आणि आजूबाजूच्या डोंगरांवरून सुरक्षित चढाई मिळते का, हे विषय वेगळेच.

मसूरकर (कराड तालुका)

गेल्या आठवड्यात जावई कोल्हापूरहून त्याच पंख्याच्या विमानाने हैदराबादला परत गेले. त्यांना मी सांगून ठेवले होते, की ब्रेक सोडून विमान धावायला लागले की मोबाइलवर सेकंद मोजायला सुरुवात करा आणि चाकांची घरघर थांबली की बंद करा. मोबाइल विमान मोडवरच होता, काळजी नसावी. त्यांचा आकडा २७ सेकंद आला. दुपारची वेळ होती, वारा जवळजवळ नव्हता आणि विमान पूर्ण भरलेले होते. यातून काही हिशेब निघतो का?

भौतिकशास्त्र शिक्षक (सांगली)

उत्तम काम केलेत. माझ्या गृहीतकानुसार २४ सेकंद यायला हवे होते, म्हणजे माझा अंदाज जरा उदार होता. ५५ भागिले २७ केले तर वेग दर सेकंदाला सुमारे २.०४ मीटरने वाढला असे दिसते, आणि धावण्याचे अंतर ६६० ऐवजी ७४० मीटरच्या आसपास येते. प्रत्यक्षात ते याहूनही थोडे जास्त असेल, कारण पंख्याचा रेटा सुरुवातीला जास्त आणि वेग वाढेल तसा कमी होत जातो, त्यामुळे विमान आधीच्या सेकंदांतच बराच वेग घेते. आता हाच २.०४ चा आकडा थांबण्याच्या हिशेबात घाला. व्ही-वन गाठेपर्यंत ६६३ मीटर, विचाराचे दोन सेकंद १०४ मीटर, ब्रेकचे ५४१ मीटर. बेरीज १३०८ मीटर झाली. कराडची पट्टी २८ मीटर आधीच संपलेली असते.